मोंबासाचा कागद आणि माझी दोन नावं

मोंबासाहून कागद आला त्या दिवशी मी पोळ्या करपवल्या. माझे यजमान भुसावळच्या रेल्वेतले फिटर, आफ्रिकेच्या रेल्वेत लागून तिकडे गेलेले. त्यांनी मला बोलावून घ्यायचा अर्ज केला होता. आता तिकडच्या सरकारला खात्री हवी होती, की ही बाई खरोखरच त्यांची बायको आहे. धुळ्याच्या कचेरीत साहेबापुढे हजर राहण्याची तारीख आली होती. माझे पाय जमिनीवर ठरेनात.

सासूबाईंचं मात्र कशात लक्ष लागेना. त्यांना हा एकच मुलगा. तो गेला, आता मीही निघाले, मग नरडाण्याच्या त्या घरात त्यांच्याशी बोलणार कोण? पण मला तेव्हा कुठलं सुचायला! मी मनातल्या मनात बोटीत बसले होते.

धुळ्याच्या वकीलनानांनी माझी चांगली उजळणी घेतली. "विचारलं तेवढंच बोलायचं. तुझी जीभ फार पुढं धावते." साक्षीला साक्रीकडच्या माझ्या भावाला बोलावलं. सासूबाईंना साक्षीला घेऊ नका, असं मीच हट्टानं सांगितलं होतं. त्या नाहीच म्हणाल्या तर? तरी त्या मोटारीत येऊन बसल्याच, सून एकटी कशी जाईल म्हणून.

साहेब नवा होता, विलायतेहून नुकताच आलेला. माझी उत्तरं खडाखडा झाली. मग भाऊ उभा राहिला आणि छाती फुगवून माझं माहेरचं नाव घेऊन आमच्या अहिराणीत म्हणाला, "हाई मनी धाकली बहीन शे, साहेब. बठ्ठं खरं शे."

कचेरीतल्या शिरस्तेदारांनी ते साहेबाला इंग्रजीत सांगितलं. साहेबानं कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. अर्जात दुसरंच नाव होतं. म्हणजे साहेबाच्या लेखी भाऊ जिच्याबद्दल सांगतो ती बाई निराळी!

लग्नात आमच्याकडे मुलीचं नाव बदलतात, हे वकीलनानांना इतकं सवयीचं की कागदावर लिहायचं त्यांना सुचलंच नाही. भावाला तर सासरचं नाव तोंडात बसलंच नव्हतं. मला असा संताप आला! नानांनी घाईघाईनं समजावलं, पण साहेब म्हणाला, नाव बदललं हे सांगणारं सासरचं माणूस कोण आहे?

सासरचं माणूस बाहेर निंबाखाली बसलं होतं.

सासूबाई आत आल्या, पदर सावरून उभ्या राहिल्या. त्यांनी नुसती नाही म्हणून मान हलवली असती तरी माझी आफ्रिका तिथंच संपली असती.

"लगीनमां तिनं नाव मीच बदलेल शे," त्या म्हणाल्या. "मना पोऱ्यानी बायको हाईच."

साहेबानं विचारायला लावलं, हिला पाठवायला तुमची काही हरकत?

"हरकत शे," सासूबाई म्हणाल्या. नानांनी डोळे मिटले. "हरकत शे. पन बायको त्यानी शे."

शिरस्तेदारांनी ते जसंच्या तसं सांगितलं असावं, कारण साहेब हसला आणि त्यानं सही केली.

बाहेर आल्यावर मी वेड्यासारखी बोलत सुटले. बोट, समुद्र, बरोबर न्यायचा पाटा, सगळं एकदम. मोटारस्टँडवर सासूबाईंनी मला थांबवलं.

"तुना भाऊ तुले काय नावथून बलावस?"

मी सांगितलं. त्यांनी ते नाव एकदा हळूच म्हणून पाहिलं. लग्नानंतर त्यांच्या तोंडून ते मी प्रथमच ऐकत होते.

"तू जाशी तोवर मी तुले हाईच नावथून बलावसू," त्या म्हणाल्या. "लेक सासरले धाडतस, तशी धाडसू तुले."

मोटार लागली होती. मी तिथंच त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि क्लीनर चढा चढा म्हणून ओरडत राहिला.