जपूनताईंचा ओला भुसा

चपलांच्या त्या छोट्या कारखान्यात मालकीणबाईंना सगळे जपूनताई म्हणत. कोणी जिना उतरो, चहा ओतो की नुसता शिंको, त्यांच्या तोंडून "जपून!" निघालंच म्हणून समजा. काळजीला विषय सापडला नाही, तर त्याचीच काळजी त्यांना लागे.

सासूबाई बाथरूममध्ये घसरून हात मोडून बसल्या, तेव्हा तर विचारायलाच नको. ओल्या फरशीवर न घसरणारी चप्पल करायचीच, असं ताईंनी मनावर घेतलं. रबरात बाटल्यांना लावतात त्या बुचाचा भुसा मिसळून पाहायचा होता. पण गोणी उघडली की धूळ उडे आणि कामगार खोकू लागत. "ही छातीत जाऊन बसली म्हणजे?" असं म्हणत ताईंनी गोणीवर बादलीभर पाणी ओतलं आणि तो ओलाच भुसा रबरात मळायला लावला.

रबराच्या धंद्यात मुरलेल्या माणसाने कपाळावर हात मारला असता. ओल म्हणजे रबराची वैरीण! साच्यात तापताना तिची वाफ होते आणि माल फुगून वाया जातो. इथेही वाफ झाली, पण पाणी बुचाच्या कणाकणात मुरलेलं होतं. त्यामुळे मोठे फुगे न येता सोलभर सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडली. ती फरशीवरचं पाणी शोषून घेत आणि पाऊल जिथल्या तिथे राही. सासूबाई साबणाच्या पाण्यात उभ्या राहून म्हणाल्या, "आता ढकल मला. बघतेच कशी पडते ते."

पेटंटचा अर्ज गेला. काही महिन्यांनी पेटंट कार्यालयातल्या तपासनिसांचा आक्षेप आला. त्यांनी कुठल्याशा दूरच्या देशातलं जुनं पेटंट शोधून काढलं होतं. रबर, बुचाचा भुसा, न घसरणारा सोल, सगळं त्यात होतं.

"म्हणजे सगळं पाण्यात गेलं?" नवरोबांनी पेटंटचं काम बघणाऱ्या वकीलबाईंना विचारलं.

"अर्धं. आपले दावे दोन. रबरात बूच घातलेला सोल, हा पहिला. तो गेला असं धरून चला, ते आधीच कोणीतरी केलंय. दुसरा, भुसा भिजवून छिद्रं पाडायची पद्धत. जुन्या पेटंटात उलट म्हटलंय की भुसा खडखडीत वाळवा, नाहीतर माल बाद होईल."

"मग झालं तर!"

"कुठलं झालं? तपासनीस म्हणतात, कोरड्या भुशानेही तशीच छिद्रं पडत असतील, तर तुमच्यात नवीन काय? आता तो जुना सोल बनवून दाखवायला हवा."

घरी येताच नवरोबा हळूच म्हणाले, "तो जुना सोल जरा कच्चाच ठेवू. आपोआप घसरेल."

"अहो, काहीतरीच काय! जुन्या पेटंटात सांगितलंय तसाच करायचा, आणि चांगला करायचा. लबाडी करून मला झोप लागेल का?"

"तुला एरवी तरी कुठे लागते!"

भुसा भट्टीजवळ पसरून वाळवला. सोल साच्यातून निघाला तो असा देखणा, की ताई त्याला उलटसुलट करून बघत राहिल्या. हाही घट्ट धरून राहिला तर?

प्रयोगशाळेत पाठवण्याआधी अंगणात तिरपी फळी टाकून त्यांनी तिच्यावर साबणाचं पाणी सोडलं. नवरोबांनी डाव्या पायात जुन्या पद्धतीची चप्पल घातली, उजव्या पायात नवी, आणि ऐटीत फळीवर चढले. उजवा पाय खिळा ठोकल्यासारखा जागेवर राहिला. डावा जो निघाला, तो थांबायचं नाव घेईना.

"अगं धर! फाटलो मी! धर!"

"नाच शिक म्हणत होते तेव्हा भोकाड पसरलंस," सासूबाई खुर्चीतून ओरडल्या. "आता बघ, कसा छान जमतोय!"

ताई धरायला धावल्या खऱ्या, पण हसून हसून त्यांच्या हातात जोरच उरला नाही. दोघंही बदकन खाली बसले. नंतर सोल कापून भिंगाखाली पाहिले. नव्याची चाळण झालेली, जुना मात्र सपाट. प्रयोगशाळेचा निकालही तोच आला.

सुनावणी संगणकावर झाली. तपासनीस चष्म्यावरून बघत म्हणाले, "पहिला दावा मान्य करता येत नाही."

"बरोबर आहे," ताई बोलून गेल्या. वकीलबाईंनी टेबलाखालून त्यांना कोपर मारलं.

"दुसऱ्याबाबत मात्र, जुन्या पेटंटाने जे टाळायला सांगितलं तेच इथे कामी आलंय. कोरड्या भुशाने ते साधत नाही, हे तुमच्या चाचण्यांत दिसतं. माझा आक्षेप मी मागे घेतो."

ताई नवरोबांना आणि सासूबाईंना घेऊन तडक कारखान्यात गेल्या. सगळे हातातलं काम टाकून भोवती जमले. प्रेसवरचा कारागीर म्हणाला, "ताई, नीट सांगा. जिंकलो की हरलो?"

"रबरात बूच घालणं त्या जुन्या माणसाचं. त्याचं त्याला," ताई म्हणाल्या. बोलता बोलता त्यांचं तोंड कानापर्यंत फाकलं. "ओला भुसा आपला!"

एकच गलका झाला. कोणीतरी यंत्रं बंद केली, कोणी चहा टाकायला पळालं, आणि नवरोबा, फळीवरची फजिती विसरून, सासूबाईंचा हात धरून मधोमध नाचायला उभे राहिले.