बंद खिडक्यांचा सोमवार

दुसरीच्या वर्गात झुरळांवरची फवारणी मी करवली होती, देशकरबाईंनी नाही. बाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं, मृण्मयीनं, केला तेव्हा दुःखाच्याही आधी मनात हेच आलं... आता हे फक्त मला ठाऊक आहे. क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याचीच मला भीती वाटली.

बाई भोपाळला, बरखेड्यातल्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या; मी कार्यालय सांभाळायचो. शाळेतल्या किड्यामुंग्यांचा बंदोबस्तही बाईंकडे होता आणि त्यांची रीत मला फार संथ वाटे. डब्यातलं सांडलेलं त्याच दिवशी उचलायचं, गळका नळ दुरुस्त करायचा, भिंतीतल्या फटी सिमेंटनं बुजवायच्या, कपाटामागे चिकटपट्ट्या ठेवून कुठे किती झुरळं अडकली ते वहीत लिहायचं. फवारणी अगदी शेवटी, तीही सुट्टीत, आणि नंतर दारं-खिडक्या सताड उघड्या. "बाई, एकदाचं औषध मारून टाकू," असं मी म्हटलं की त्या चष्म्यावरून बघायच्या. "औषध आजाऱ्याला देतात, भाऊ. झुरळं काय तापानं फणफणलीयेत?" बाई लहानपणी जुन्या शहरात वायुगळतीतून वाचल्या होत्या. कुठे उग्र वास आला की त्यांची थट्टा तिथेच थांबायची.

शाळेत तपासणीला पाहुणे यायचे होते. शनिवारी बाई घरी गेल्यावर मी फवारणीवाला बोलावला. आमच्या आयाबाई कमला, त्यांना सांगितलं, "दवाई डली है, खिड़कियाँ बंद रखना." सोमवारी सकाळी उघडायला सांगायचं राहून गेलं. त्यांनीही उघडल्या नाहीत. नंतर रडत म्हणाल्या, "साहब, हमें लगा दवाई है, उड़ जाएगी." फवारणी बाईंच्याच सांगण्यावरून झाली, असं त्या धरून चालल्या होत्या.

प्रार्थनेनंतर मुलं वर्गात गेली आणि खोकायला लागली. दोघी-तिघींना ओकारी झाली. व्हरांड्यात कुणीतरी म्हणालं, "गैस..." भोपाळमध्ये हा शब्द मोठ्यानं उच्चारावा लागत नाही. बघता बघता फाटकाशी मुलांच्या आया, आजोबा जमले, कुणाच्या पायात चपला नाहीत. मी कार्यालयाच्या दारात उभा, पाय उचलेनात. बाई तोंडाला पदर लावून आत शिरल्या, मुलांना बाहेर काढलं, खिडक्या उघडायला परत आत गेल्या... मी तेव्हाही दारातच होतो.

मुलं संध्याकाळपर्यंत सावरली. मुख्याध्यापिकांनी सगळ्यांसमोर विचारलं, फवारणी कुणी करवली? सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं आणि बाईंनी माझ्याकडे. थांबल्या त्या जरा वेळ. मी टेबलावरच्या फायली सारख्या करत राहिलो. "काम माझ्याकडे आहे, म्हणजे जबाबदारी माझी," त्या म्हणाल्या. ते काम त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. पुढे कितीतरी वर्षं पालक त्यांच्याकडे बोट दाखवून एकमेकांना सांगायचे, "यही मैडम थीं."

शेवटची दोन वर्षं त्यांची फुप्फुसं थकली होती. कोलार रोडला त्यांच्या घरी जायचो. त्या खोकल्या की मी चहाचा कप खाली ठेवायचो. एकदा डॉक्टरांना विचारलं, त्या सोमवारमुळे तर नसेल? "आता तसं सांगता येणार नाही," ते म्हणाले. ना हो म्हणाले, ना नाही... त्या वाक्यानं अजून दचकायला होतं. बाईंनी तो विषय कधी काढला नाही. एकदाच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही काहीतरी बोलायला येता आणि नुसता चहा पिऊन जाता."

गेल्या आठवड्यात शाळेत शोकसभा झाली. मुख्याध्यापिका मोठ्या मनानं म्हणाल्या, "बस एक चूक छोड़ दें, तो मैडम की पूरी नौकरी बेदाग रही." पहिल्या रांगेत मृण्मयीनं मान खाली घातली. मी उठलो. ती फवारणी मी, बाईंपासून लपवून करवली होती, हे सभेला हिंदीत सांगितलं. मग मृण्मयीकडे वळून मराठीत म्हणालो, "त्या दिवशी तुझी आई माझ्या बोलण्याची वाट बघत होती आणि मी घाबरलो. नंतरही घाबरतच राहिलो. त्यांची माफी मागायची राहिली, बेटा... तुझी मागतो."