तीन महिन्यांच्या बकुळेला घेऊन बिरोबाच्या जत्रेला

माझी घुंगरं गोदाक्काच्या ट्रंकेत होती आणि ती मला परत पायात हवी होती, म्हणून मी निघाले. देवदर्शन, हवापालट वगैरे कारणं मी कुणाला सांगितली असतील तर ती खोटी समजा.

गोदाक्का म्हणजे आमच्या तमाशाच्या फडाची मालकीण. सोलापुरात तिच्या फडाला मान होता आणि तिला तिच्या रिवाजाचा अभिमान. नाचणारी बाई पोटुशी राहिली की सातव्या महिन्यात अक्का तिची घुंगरं सोडून घ्यायची. बाळंतपणानंतर एखाद्या जत्रेत देवापुढे ती स्वतःच्या हाताने पुन्हा बांधायची. त्या दिवशी बाईने गाणं अर्ध्यात टाकलं, तर घुंगरं दुसरीच्या पायात. दुसरी म्हणजे शेवंता, वय वर्षं सतरा, पाय विजेसारखा. तिचा मला राग नव्हता. तिच्या वयाची असताना मीही अशीच एकीच्या घुंगरांवर डोळा ठेवून बसले होते.

अक्का म्हणाली, "केसर, लेकरू अंगावर पितंय. पुढल्या साली बघू की."

"पुढल्या साली शेवंताच्या पायातनं कोण सोडवणार? तुमी सोडवणार व्हय?" मी म्हटलं. ती सुपारी कातरायला लागली. तो होकार धरून मी गाठोडी बांधली.

अंगावरचं मूल घेऊन फडाबरोबर निघायचा कुणाचा विचार असेल तर आधीच सांगते. दुपटी वाटतात त्याच्या दुप्पट घ्या. ओवा, शेपा आणि डिंकाचे लाडू आपल्याच गाठोड्यात ठेवा, फडाच्या सामानात टाकलेत तर स्टेशन यायच्या आत संपतात. आणि निघायच्या आदल्या दिवशी कुणाचा सल्ला घेऊ नका. आमच्या पेठेत भिंतीला भिंत लावून तेलुगू विणकरांचं घर होतं. त्यांचा माग पहाटेपासून खटखटायचा आणि बकुळा त्यात खुशाल निजायची. मला वाटायचं, काय गुणाची पोर आहे, एवढ्या गलक्यातही झोपते.

सकाळच्या पॅसेंजरने निघालो. केमपर्यंत तिसऱ्या वर्गाला दहा-बारा आणे पडले. बायकांच्या डब्यात खिडकीची जागा मुळीच धरू नका, इंजिनातली कोळशाची कणी लेकराच्या डोळ्यात जाते. मी मधल्या बाकावर बसले. समोर एक मास्तरीणबाई होत्या, कुर्डुवाडीला उतरायच्या. त्यांनी बकुळेचं फार कौतुक केलं, टोपडं सारखं केलं, आणि मग विचारलं, "आपले यजमान काय करतात?"

"मीच करते," मी म्हटलं. "नाचते."

बाईंनी पदर आवरला आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. माढा गेलं तरी मान वळेना. कुर्डुवाडीला उतरताना मात्र त्यांनी केळ्याची फणी माझ्या मांडीवर ठेवली. केळी गोड होती.

केमला बैलगाड्या उभ्याच असतात. गाव चार कोसांवर, वाट अशी की बाळंतिणीचे टाके मोजून घ्यावेत. निम्म्या वाटेत एका विहिरीपाशी गाडी सोडली. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि गाडीवानाच्या घरचं दही, असं जेवण हॉटेलात पैसे टाकून मिळत नाही. चैत्रातलं ऊन नुसतं चटके देत होतं. बकुळा आगगाडीत झोपली, खडखडत्या गाडीतही झोपली. ढोलकीवाले दगडूमामा म्हणाले, "पोर लई शाणी हाय." मी तीट लावली.

गावात गाडी थांबली, बैल सोडले, आणि शाण्या पोरीने असा टाहो फोडला की मेंढरं बावचळली. दूध पाजलं, ओवा शेकून पोटावर बांधला, खांद्यावर घेऊन फिरले. जरा डोळा लागायचा, की पुन्हा सुरू. रात्र तशीच गेली.

सकाळी देवापुढे खेळाची हजेरी होती. गोदाक्काने मला बाजूला घेतलं. तिच्या तळहातावर मोहरीएवढी काळी गोळी होती. अफूची. बाळगोळी म्हणायचे तिला, घरोघरी द्यायचे.

"दोन तास हूं का चूं करायची न्हाय. आमच्या वक्ताला समद्याच द्यायच्या."

माझं डोकं फिरलं. "अक्का, ही माझ्या लेकीच्या तोंडात गेली तर घुंगरं ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. मी हितनंच माघारी जाते."

तिने मूठ मिटली. "मग रडली तर तुझं तू बघ. रिवाज काय मी मोडायची न्हाय."

आम्ही जिच्या अंगणात उतरलो होतो ती तायाबाई धनगरीण तीन लेकरांची आई. ती म्हणाली, "द्या हिकडं. गावाच्या टोकाला आमचा मेंढरं कोंडायचा वाडगा हाय. मेंढरं चरायला गेली, तितं चिटपाखरू न्हाय. निजंल की." मलाही तेच बरं वाटलं. लेकराला झोपवायचं तर शांत जागा हवी, हे कुणीही सांगेल. मी बकुळेला पोटभर पाजलं आणि तायाबाईच्या हाती दिलं.

देवळापुढच्या चौथऱ्यावर अक्काने माझ्या पायांत घुंगरं बांधली. गण झाला, गवळण सुरू झाली. पहिली चार पावलं जड पडली, मग अंगाला जुनी आठवण आली. गिरकी घेतली आणि समोरचे फेटे डोलायला लागले. काय सांगू, पाच महिन्यांत मी स्वतःला पहिल्यांदा भेटत होते.

आणि तेवढ्यात रडणं ऐकू आलं. तेवढ्या लांबून. हजार माणसांच्या गलक्यातून मला ते ऐकू आलं आणि माझ्या आधी माझ्या अंगाला कळलं. दूध सुटलं. चोळी भिजली, पदराखाली ओल पसरू लागली. लाज वाटली, भीती वाटली, आणि सगळ्यांत जास्त राग आला. आई झाले म्हणून मला यातलं एक सोडायला का लावता? अक्का चौथऱ्याच्या कडेला हाताची घडी घालून बघत होती. शेवंतानेही कान टवकारले होते.

गवळणीत एक जागा असते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना मावशी अडवते आणि दोन्हीकडून हजरजबाबी बोलणं चालतं. आमची मावशी म्हणजे लुगडं नेसलेला सखाराम. त्याने नेहमीसारखं विचारलं, "काय गं, पाऊल का अडखळतंय?"

मी ठेका न सोडता, कमरेवर हात ठेवून सुरातच म्हटलं, "मावशे, दही घेतलं, दूध घेतलं, लेकरू ऱ्हायलं घरी. ते आणल्याबगार मथुरेला एक पाऊल टाकायची न्हाय मी."

सखारामला हे नवंच होतं. मग पक्का फडकरी तो, लोकांकडे वळून ओरडला, "अरं, गौळणीचं लेकरू कुनी ठेवून घेतलंय?"

"माझ्यापाशी हाय की," मागून तायाबाईचा आवाज आला. बकुळा रडून लालबुंद झाली म्हणून ती बिचारी स्वतःच माझ्याकडे निघाली होती. लोकांना वाटलं हा खेळाचाच भाग. हसत हसत त्यांनी वाट करून दिली. तायाबाई पोर घेऊन मधून चालत आली आणि मी नाचत होते. एक ठेका चुकला नाही.

तिने बकुळेला दगडूमामांच्या शेजारी घोंगडीवर ठेवलं. मामांना दया आली, त्यांनी थाप हलकी केली. तशी ती आणखी किंचाळली. मी भुवईने खुणावलं, वाजवा. मामांनी जोरात थाप दिली, ढोलकी घुमली, आणि पोर गप्प झाली. दोन आवर्तनांत मूठ सुटली, मान कलली. झोपली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माग, आगगाडी, बैलगाडी, आणि त्याआधी पोटातले सात महिने ढोलकी नि घुंगरं. ती गलका असूनही झोपत नव्हती, गलका होता म्हणूनच झोपत होती. आणि आम्ही शहाण्या बायका तिला गावातली सगळ्यांत मुकाट जागा शोधून दिली होती.

एक अडचण राहिली. गाणं थांबलं की ती डोळे उघडायची. मग थांबतो कशाला? गवळणीला लावणी जोडली, लावणीला दुसरी लावणी. मला दम लागला की शेवंता पुढे यायची, तिला लागला की मी. मामांचा हात मात्र उसंतच घेईना. शेवटी फेटे हवेत उडत होते. एक म्हातारा धनगर म्हणाला, "बिगर थांबता नाचणारा फड आज पयल्यांदा बघितला." मामा नंतर दोन दिवस बोटांना तेल चोळत होते.

परतीच्या गाडीत अक्काने बकुळेला मांडीवर घेतलं ते सोलापूरपर्यंत सोडलं नाही. मोहोळ गेल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझ्या बाबूला मी गोळी द्यायची. लई निजायचा. मग एक दिवस उठलाच न्हाय." मी तिच्या हातावर हात ठेवला.

घरी पोचल्यावर तिने ट्रंक उघडली आणि घुंगरं माझ्या पदरात टाकली. आजवर मुक्कामी आल्यावर ती ट्रंकेतच जायची, कुणाचीही असोत. "हितनं म्होरं तुझी तुझ्यापाशी ऱ्हाऊ देत," ती म्हणाली. "आन् फडात कुनाला लेकरू झालं, तर ढोलकीच्या शेजारी घोंगडी टाकायची. हा बी रिवाजच."

त्या प्रवासाचं माझ्याकडे विशेष काही उरलं नाही. केळी संपली, लाडू संपले, घोंगडी तायाबाईने बळेच दिली ती अजून आहे. पण एवढं सांगते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या विणकरांकडे सण होता, माग बंद. दुपारी सगळी पेठ चिडीचूप झाली आणि बकुळेने ओठ काढला. मी दार लोटून घेतलं, खुंटीवरून घुंगरं काढली आणि यावेळी माझ्याच हाताने बांधली.