मुहय्यो आपाचा पंप

आमच्या कोकंद शहरातल्या मोहल्ल्यात दम्यावर हमखास इलाज ठाऊक नसलेला माणूस एकच, तो म्हणजे डॉक्टर. बाकी सगळ्यांना इलाज ठाऊक आहे. कोपऱ्यावरचा न्हावी बिज्जू नावाच्या प्राण्याची चरबी चाटायला सांगतो, त्याची बायको लाव्याची कच्ची अंडी सांगते, आणि तंदूरवाल्याच्या मते हा आजारच नव्हे, उन्हाळ्यात थंड पाणी प्यायल्याची शिक्षा आहे. मुहय्यो आपाने वीस वर्षं हे सगळं ऐकून घेतलं. ऐकायची, मान डोलवायची आणि खिशातून निळा पंप काढून सर्वांदेखत ओढायची.

मी तिची शेजारीण, उमिदा. आमच्या अंगणांमध्ये एक भिंत आहे, पण ती खांद्याएवढीच. त्यामुळे तिच्या घरातलं मला तिच्या घरच्यांइतकंच कळतं, कधीकधी थोडं आधी.

आपा शाळेत भूगोल शिकवते. वाऱ्याच्या दिशा पोरांना शिकवते आणि घरी त्याप्रमाणे वागते. मे महिन्यात पॉप्लरच्या झाडांचा कापूस गल्लीभर उडायला लागला की तिच्या खिडक्या सकाळी बंद, आणि दारावर ओली चादर. बाहेरून आली की आधी केस धुणार, मग बोलणार. गाद्या झोडपायचं काम मुलीकडे, तेही आपा घरात नसताना. दुसरा एक तपकिरी पंप ती सकाळ-संध्याकाळ नेमाने ओढते, त्रास असो वा नसो, आणि नंतर चूळ भरते. चिल्ल्याचे चाळीस दिवस, जेव्हा आमच्याकडे उन्हाने आणि धुळीने गाढवंसुद्धा घर सोडत नाहीत, त्या दिवसांतही ती शाळेच्या बागेला पाणी घालून येते. आम्ही धडधाकट बायका तेवढ्या वेळात बाजेवर पडून तिची कीव करतो.

"बिचारी! औषधावर जगते गं," मी म्हणायचे. आम्ही कशावर जगत होतो कोण जाणे.

तर तिच्या मुलीला, नाफिसाला, मागणी आली. मुलगा जसूर, पाणीखात्यात नोकरीला, घर स्वतःचं, आई मस्तूरा सगळ्या शहरात शिस्तीची म्हणून प्रसिद्ध. नाफिसाने त्याला दोनदा चायखान्यात भेटून पाहिलं होतं आणि तिला तो आवडला होता. 'बरा आहे' म्हणताना ती कानापर्यंत लाल झाली, त्यावरून आम्ही ओळखलं. जसूरकडच्या बायका दोनदा येऊन गेल्या. तिसऱ्यांदा यायच्या त्या नान मोडायला. आमच्याकडे दोन्ही घरांनी मिळून नान मोडला की सोयरीक पक्की झाली.

आदल्या दिवशी आपाची थोरली जाऊ, ओयसुलू, मदतीला आली. ओयसुलू मदतीला आली की दोन माणसांचं काम वाढतं.

"हे बघ मुहय्यो," ती म्हणाली, "उद्या तो पंप खिशात नको."

"का बरं?"

"का म्हणून विचारतेस? आईच्या छातीत खोट दिसली की लोक मुलीच्या छातीत शोधतात. झाकली मूठ सव्वा लाखाची!"

"नाफिसाला साधी शिंकसुद्धा येत नाही."

"ते तुला माहीत. त्यांना तुझा पंप तेवढा दिसेल."

आपाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवर हनुवटी टेकून उभीच होते. "ओयसुलू म्हणते त्यात तथ्य आहे, आपा," मी म्हणाले. "एका दुपारचा तर प्रश्न आहे." हे मी म्हणाले, आणि आज मला त्याची लाज वाटते. आपाने खिशातून पंप काढला आणि आतल्या खोलीतल्या पेटीत, गाद्यांखाली ठेवला. वीस वर्षांत तिने कुणाचं ऐकलं नव्हतं. मुलीसाठी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी आपाचा नवरा मुरोदिल्ला रिवाजाप्रमाणे चायखान्यात पळाला. मी मदतीला गेले होते. पुलाव दमावर होता, जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानवर जर्दाळू, बदाम आणि मधे दोन गोल नान. पाहुण्या दारात पोचल्या आणि ओयसुलूला दृष्ट आठवली. एवढ्या अनोळखी बायका, एवढी देखणी मुलगी! तिने तव्यात वाळका इसिरिक पेटवला. ही वनस्पती आमच्याकडे लग्नात, बारशात, नव्या गाडीला, परीक्षेला जाणाऱ्या पोराला, सगळ्यांना धुरी द्यायला चालते. तिने खिडक्या लावल्या, कारण धूर बाहेर गेला तर त्याचा उपयोग काय! मग नाफिसाच्या डोक्यावरून तीनदा तवा फिरवला, पाहुण्यांवरून फिरवला, आणि दम्याला चांगलं म्हणून आपाच्या नाकाखाली जरा जास्त वेळ धरला.

आपा सलाम करून बसली. मस्तूराने हवापाण्याची चौकशी केली. आपा 'छान' म्हणाली. मग काहीच म्हणेना. खांदे वर चढले, ओठ निळसर झाले, आणि छातीतून शिट्टी वाजायला लागली. ओयसुलू घाईघाईने म्हणाली, "आनंदाने भरून आलंय हो तिला!"

नाफिसा उठली. लाजायचं, खाली बघायचं, चहा ओतायचा, सगळं सोडून धावली. पेटी उघडून गाद्या भराभरा बाहेर फेकल्या आणि पंप आणून आईच्या हातात दिला. आपाने ओढला, थांबली, पुन्हा ओढला. मी तोवर खिडक्या उघडल्या, आयुष्यात एकदा वेळेवर शहाणपण सुचलं म्हणून. काही मिनिटांनी आपाचा आवाज फुटला.

"मला दमा आहे. वीस वर्षं झाली. औषध घेते आणि बरी असते. आज लपवला म्हणून ही वेळ आली."

पाहुण्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मस्तूरा पांढरीफटक पडली होती. तिने चहाचा पेला खाली ठेवला, "ऊन वाढायच्या आत निघायला हवं," असं भर दुपारी दोनला म्हणाली, आणि सगळ्याजणी गेल्या. नान दस्तरखानवर अख्खे राहिले.

पुढचे तीन दिवस मोहल्ला सांत्वनाला लोटला. न्हाव्याची बायको अंडी घेऊन आली. ओयसुलूने सगळ्यांना सांगितलं की धूर कमी पडला. नाफिसा घरातल्या गाद्या एकेक करून अंगणात आणायची आणि झोडपायची, झोडपलेल्या गाद्याही पुन्हा झोडपायची. आपा शाळेच्या बागेत जाऊन बसायची.

चौथ्या दिवशी मस्तूरा एकटीच मागच्या दाराने आली. मी भिंतीलगत जर्दाळू वाळत घालत होते. घालून झाले होते, तरी घालत होते.

"मुहय्यो आपा," तिचा आवाज इतका खाली होता की मला जर्दाळू सोडून पुढे सरकावं लागलं. "तो पंप... त्याने सवय लागते का?"

"श्वास घ्यायची लागते. कुणाला आहे?"

मस्तूराने आधी मागचं दार लावून घेतलं. मग म्हणाली, "जसूरला. सहा वर्षांचा होता तेव्हापासून. डॉक्टर दरवर्षी नवा पंप देतात, पण माझ्या सासूने कपाटात ठेवायला लावला. म्हणाली, मुलाला पुढे कोण मुलगी देईल?"

"मग त्याला श्वास लागला की काय करतो?"

"न्हाणीघरात जातो. नळ सोडतो. आवाज बाहेर येऊ नये म्हणून."

"आणि तुम्ही?"

"मी दारापाशी उभी राहते. कुणी तिकडे येऊ नये म्हणून."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दोघींच्याही आलं असेल, मला नीट दिसलं नाही. नाफिसा दारात येऊन उभी होती, हातात गाद्या झोडपायची काठी तशीच.

"हेच पुन्हा सांगा," आपा म्हणाली, "पण मोठ्याने."

"काय बोलताय! शेजारीपाजारी..."

"शेजारीण ऐकतेच आहे. तिच्या पलीकडच्यांना ऐकू गेलं पाहिजे."

मस्तूराने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. घसा खाकरला. मग तिने हे वाक्य असं फेकलं की तंदूरवाला गल्लीत येऊन उभा राहिला.

"माझ्या मुलाला दमा आहे!"

"बसा," आपा म्हणाली. "नान मोडायचा की नाही ते नाफिसा ठरवेल, आणि सावकाश ठरवेल. पण पंप कसा ओढायचा ते त्याने आजच शिकायचं."

नाफिसाने काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "मी शिकवते."

मस्तूराने पिशवीतून फोन काढला. "जसूर, बेटा, इकडे ये. हो, आत्ताच. कपाटातला पंप घेऊन ये. नाही, पिशवीत घालू नकोस. हातात धरून ये, मोठ्या रस्त्याने."