नाव न घालता लिहिलेला लेख

पोराचा आजार झाकून ठेवणाऱ्या आईला तुम्ही खोटारडी म्हणाल का? मी म्हटलं होतं. चौदाव्या वर्षी, सुबक अक्षरात, शाळेच्या भिंतीवर.

माझे वडील कोल्हापुरात एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं आणि शहरात रोज कुणी ना कुणी पत्रक काढत होतं. त्यांतले वाया गेलेले कागद आमच्या घरी यायचे. कोऱ्या बाजूला मी गणितं सोडवायचो, छापील बाजू पाठ करायचो. अंधश्रद्धा, जातिभेद, हुंडा, सगळ्यांवरची माझी मतं मिसरूड फुटायच्या आधीच तयार होती.

माझा मित्र आमच्याच गल्लीतला, शाळेत माझ्याच बाकावरचा. त्याला फेफरं येत असे. मला ते कळलं एका दुपारी, त्याच्या घरी. आम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. तो एकदम ताठ झाला, आडवा पडला आणि हातपाय झाडू लागला. त्याची आई चुलीपासून धावत आली आणि दारातली चप्पल उचलून तिनं त्याच्या नाकाशी धरली. मी भिंतीला चिकटून उभा. झटका ओसरून तो झोपी गेल्यावर तिनं माझा हात धरला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला.

"शपथ घे. ह्या कानाचं त्या कानाला कळता कामा न्हाय. डॉक्टरची गोळी चालू हाय, बरं वाटंल त्याला. पन पोरीचं लगीन व्हायचंय अजून माझ्या."

मी शपथ घेतली. पोरगी म्हणजे त्याची थोरली बहीण. ज्या घरात फेफरं, त्या घरातली मुलगी कुणी करून घेत नव्हतं.

डॉक्टरांनी त्याला पाण्यापासून लांब राहायला सांगितलं होतं. उन्हाळ्यात सगळा वर्ग रंकाळ्यावर पोहायला जायचा आणि हा काठावर आमचे कपडे राखत बसायचा.

"ए भित्र्या, बादलीत तरी उतरतोस का न्हाय?"

"त्याला त्याची आई परातीत आंघोळ घालती!"

"व्हय की," तो म्हणायचा. "तुमच्या चड्ड्या माझ्याजवळ हायत, एवढं ध्यानात ठिवून बोला."

टोमणे त्याला पचत होते. मला पचत नव्हते.

शाळेत दर पंधरवड्याला हातानं लिहिलेलं भित्तिपत्रक लागायचं. त्यात मी 'झाकलेला आजार' असा लेख लिहिला. आपल्या गावात एक मुलगा आहे, आजारामुळे तो पाण्यात उतरू शकत नाही, अडाणी लोक त्याला भित्रा म्हणतात, आणि त्याची आई नाकाला चप्पल लावते, जगाशी खोटं बोलते, लहान मुलांकडून शपथा घेते. नाव घातलं नाही. शपथही राहिली आणि सत्यही सांगून झालं, असं मला वाटलं. गुरुजींनी शाबासकी दिली आणि लेख बरोबर मधोमध लावला.

मधल्या सुट्टीत पोरांनी तो वाचला. एकेक मान माझ्या मित्राकडे वळत गेली.

शाळा सुटल्यावर मी त्याला रस्त्यात गाठलं.

"तुझं नाव न्हाय घातलं मी."

"मग शाळंत दुसरा कोन काठावर बसतो रं?"

"पन तू भित्रा न्हाईस, हे तरी कळलं की सगळ्यांस्नी."

"भित्रा म्हनत हुती ते बरं हुतं. भित्र्याच्या भनीला कोनबी करून घेतंय."

आठच दिवसांपूर्वी बहिणीची सुपारी फुटली होती. स्थळ जयसिंगपूरकडचं, व्यापाऱ्याचं. नवऱ्या मुलाचा धाकटा भाऊ बोर्डिंगात राहून आमच्याच शाळेत शिकत होता, आणि हे मला ठाऊक होतं. लिहिताना ते ध्यानात आलं नाही, असं मी पुढं बरीच वर्षं सांगत आलो. खोटं. ध्यानात आलं होतं. असल्या कारणानं मोडणारं लग्न मोडलेलंच बरं, असं म्हणून मी पुढची ओळ लिहिली. ती माझी बहीण नव्हती.

आठवड्यानं निरोप आला, पत्रिका जुळत नाही. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्याची आई उंबऱ्यात आली. शिव्या दिल्या नाहीत. "आत येऊ नगंस बाबा," एवढंच म्हणाली. मित्रानं शाळा सोडली आणि तो एका शिंप्याकडे काम शिकू लागला. दोन वर्षांनी बहिणीला एका बिजवराला दिली.

आजार लपवू नये, हे माझं मत आजही तेच आहे. पण माझा सगळा जाळ मी त्या बाईवर ओतला, जिच्याजवळ झाकण्याखेरीज दुसरा उपाय नव्हता. सुपारी फोडून फिरलेल्या त्या व्यापाऱ्यावर मी एक अक्षर लिहिलं नाही.

हा मजकूर छापायला देण्याआधी मी मित्राकडे गेलो. आता त्याचं स्वतःचं मशीन आहे, झटके क्वचित येतात. तो शिवत होता, मी वाचत होतो. शेवटी मी लिहिलं होतं की त्यानं मला माफ केलं. मशीन थांबलं.

"हे खोड. तसं मी कवा म्हनलो?"

मी खोडलं.

"आनि अक्काला इचारलंस का?"

नव्हतं विचारलं. दुसऱ्या दिवशी एसटीनं तिच्या गावी गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं. "लिव्ह," म्हणाली, "पन माझ्या गावाचं नाव घालू नगंस." म्हणून ते इथं नाही.

तुमच्यासमोर कुणाला असा झटका आला तर त्याला कुशीवर वळवा आणि शुद्ध येईपर्यंत जवळ बसा. पुढं हे कुणाला सांगायचं की नाही, ते त्यालाच विचारा. तो नको म्हणाला, तर तुमचं तत्त्व कितीही खरं असो, तोंड मिटून ठेवा.