ओलं पान पुसणाऱ्या मावशी

धावडा गावाजवळच्या त्या मावशींचं नाव मी विचारलंच नाही. तुतीचं बेणं आणायला त्यांच्या शेतावर गेलो होतो, तेवढीच भेट.

"आतली खोली बघता का, भाऊ?" त्या म्हणाल्या. दारात चुना पसरलेला होता. "चपला काढा. तंबाखू खाल्ली असंल तर चूळ भरा."

रेशमाच्या अळ्यांच्या खोलीचे हे नियम मला ठाऊक होते. मुकाट्याने चूळ भरली. आत गेलो तर अळी एकही नाही. भर थंडीत खोली हीटरने गरम केलेली, आणि रॅकवर घोरपडीएवढा हिरवागार इग्वाना, परदेशी सरडा, ऐसपैस पसरलेला. मावशींच्या मुलाने पुण्यात पाळलेला. परदेशी नोकरीला जाताना आईकडे सोडलेला.

"पिंजरा नाही?"

"कशाला? हिंडू द्या की. समदी खोली त्याचीच हाये."

मावशी तुतीचं एकेक पान पदराने पुसून त्याच्यापुढे धरत होत्या. ओलं पान अळ्यांना बाधतं. याला बाधत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं, आणि पुढचं पान पुसायला घेतलं.

"मावशी, इथं अळ्यांची अख्खी बॅच बसेल."

"आमचे मालक बी तेच म्हणून राह्यले." त्या हसल्या. "अळ्यायला लेकरावानी जपलं, भाऊ. कोष झाले की बाजारात धाडले, तिथून उकळत्या पाण्यात. मंग एक तरी जीव या उबेत म्हातारा होऊ द्या की."