पिवळा दिवा पुसून

मी काही भित्री बाई नाही. पण त्या दिवसांत गाडीत स्टिअरिंगसमोर इंजिनचा पिवळा दिवा पेटला की मी घाबरायचे. गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातची, मुरुडलाच घेतलेली, म्हणजे वर्षानुवर्षं खारं वारं खाल्लेली. घेताना अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय! पण बाबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला अलिबागला न्यायचं होतं, आणि एसटीचे धक्के आता त्यांना सोसत नव्हते.

बाबा स्वतः एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांचा जन्मभराचा नेम एकच: बिघाड वहीत लिहायचा आणि दुरुस्त होईतो गाडी डेपोबाहेर काढायची नाही. एका सोमवारी त्यांनी तो दिवा पाहिला आणि सरळ उतरून घरात गेले. मी हातापाया पडले, पण ऐकतील तर शपथ. त्या दिवशीचं डायलिसिस चुकलं आणि दोन दिवसांत पाय सुजून खांबासारखे झाले.

मग मी एक छोटं यंत्र मागवलं. ते स्टिअरिंगखाली खोचायचं, मोबाइलवर बिघाडाचा कोड दिसतो, बटण दाबलं की कोड पुसला जातो आणि दिवाही विझतो. बाबा चपला घालेपर्यंत माझं पुसून झालेलं असायचं. शाळेत पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवणारी मी! लाज वाटायची, पण बाबांच्या पायांची भीती मोठी होती.

एका गुरुवारी काशीदच्या चढावर इंजिन आचके देऊन बंद पडलं. मागून हॉर्न, बाजूला बाबा, तोंड उघडं टाकून श्वास घेणारे. चार वेळा चावी फिरवली. शेवटी त्यांच्यादेखतच यंत्र खोचलं, कोड पुसला, आणि गाडी सुरू झाली. बाबांनी ते पाहिलं आणि खिडकीची काच खाली केली.

त्यांना हॉस्पिटलात सोडून मी गॅरेज गाठलं. मेकॅनिकनं आपलं मशीन लावलं, तर आत काहीच नाही. कोडचा नंबर काय होता, म्हणाला. मी तो एकदाही वाचला नव्हता. तो भडकलाच. त्या नंबरावरूनच कुठला सेन्सर गेलाय ते कळलं असतं. आता गाडी उद्या बंद पडेल की आजच परतताना रेवदंड्याच्या पुलावर, तो काय सांगणार? वायरींच्या एका जोडातल्या गंजून हिरव्या पडलेल्या पिना त्यानं साफ केल्या, आणि पुन्हा दिवा लागला तर हात न लावता गाडी इथं आणा म्हणून बजावलं.

परत आले तर डॉक्टर बाबांच्या खाटेशी उभे. ह्यांच्या छातीत पाणी साठलंय, महिनाभर आडवं होता येत नाही, मग सांगितलं का नाही, असं मलाच विचारू लागले. मला आत्ता कुठे उमगलं. घरी बाबा उकडतंय म्हणून खुर्चीत झोपायचे, आणि इथं नर्सनं विचारलं की दरवेळी बरं आहे म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, मागच्याच महिन्यात डायलिसिस आठवड्याला तीनदा करायला हवं होतं.

डॉक्टर गेल्यावर माझा तोल सुटला. "बाबा, जिवाशी खेळ कशाला केलात?"

ते हातातल्या नळीकडं बघत म्हणाले, "इंजिन मिसिंग करतंय, मधेच ठोका चुकवतंय, ते मला ऐकू येतं गो. तू घाबरतेस म्हणून गप बसून येतो. त्या गाडीला आठवड्याला तिसरी खेप झेपायची न्हाय."